टोपीतलं टोकदार अंडं

एक होती तांबडी कोंबडी. ती खुडूक झाली. म्हणजे काय? म्हणजे ती टोपलीत बसली आणि उठेचना. तिला अंडी उबवायची होती.

आणि एक होता म्हातारा. तो मीच.

मी म्हटलं, "थांब गं तांबडे. अंडी मी निवडतो. मला अंड्यातलं सगळं कळतं. गोल अंडं म्हणजे कोंबडी. टोकदार अंडं म्हणजे कोंबडा. कोंबडा नको. तो पहाटे ओरडतो. माझी झोप मोडतो."

मी गोल गोल अंडी निवडली. तांबडीच्या पोटाखाली ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच.

एकवीस दिवस झाले. टक. एक अंडं तडकलं. आतून पिल्लू आलं. ओलं ओलं, पिवळं पिवळं. आईच्या पंखाखाली वाळलं. मऊ मऊ झालं.

मी वाकून बघितलं. आज डोळ्यांवर चष्मा होता. तर काय, एक अंडं टोकदार. निवडताना चष्मा घरात राहिला होता.

मी ते अंडं उचललं. टोपीत ठेवलं. टोपी ठेवली उंच कोनाड्यात. आणि ओट्यावर जाऊन बसलो.

कोनाड्यातून आवाज आला. टुक टुक, टुक टुक. अंड्यात कुणीतरी होतं. बाहेर यायचं म्हणत होतं. पण अंडं गार पडलं तर?

पिल्लू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु. माझ्याकडे आलं.

"आजोबा, आजोबा, माझं अंडं द्या ना."

मी म्हटलं, "दिलं असतं रे बाळा. पण माझ्या मांडीवर मांजर झोपलंय. मांजर उठलं, की मी उठेन."

खरं सांगू? मला उठायचा कंटाळा आला होता.

पिल्लू मांजराशी बोललं. घाबरलं नाही. आमचं मांजर म्हातारं. त्याला दात नाहीत. मलाही नाहीत.

"मांजरा, मांजरा, ऊठ ना.
म्हातारा जागचा हलेना,
अंडं माझं मिळेना."

तोंडावर आजोबा, पाठीमागे म्हातारा. आणि मी तर समोरच बसलो होतो.

मांजरानं एक डोळा उघडला. "मी नाही उठणार. दूध मिळालं, की उठेन. जा शेळीकडे."

पिल्लू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेळी, शेळी, दूध दे ना.
मांजर मुळी उठेना,
म्हातारा जागचा हलेना,
अंडं माझं मिळेना."

शेळी म्हणाली, "मी नाही देणार. हिरवा पाला मिळाला, की दूध देईन. जा शेवग्याकडे."

कोनाड्यातून आवाज आला. टुक... टुक.

पिल्लू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेवग्या, शेवग्या, पाला दे ना.
शेळी दूध देईना,
मांजर मुळी उठेना,
म्हातारा जागचा हलेना,
अंडं माझं मिळेना."

शेवगा म्हणाला, "मी नाही देणार. माझी मुळं तहानली. पाणी मिळालं, की पाला देईन. जा आजीकडे."

पिल्लू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु. सगुणा आजी घरात तांदूळ पाखडत होती.

"आजी, आजी, पाणी दे ना.
शेवगा पाला देईना,
शेळी दूध देईना,
मांजर मुळी उठेना,
म्हातारा जागचा हलेना,
अंडं माझं मिळेना."

आजीनं सूप खाली ठेवलं. "मागच्या वर्षी यांनी गोल गोल अंडी निवडली. झालं काय? पाचही कोंबडे. अरे, कोंबडा की कोंबडी, ते कोंबडीच्या पोटातच ठरतं. वरून बघून कळत नाही. यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. जा, त्यांना म्हणावं, 'मला अंड्यातलं काही कळत नाही' असं म्हणा. मग मी पाणी देते."

पिल्लू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु. दमून दमून माझ्याकडे आलं.

"आजोबा, आजोबा, म्हणा ना.
आजी पाणी देईना,
शेवगा पाला देईना,
शेळी दूध देईना,
मांजर मुळी उठेना,
म्हातारा जागचा हलेना,
अंडं माझं मिळेना."

एवढा मोठा माणूस मी. असं कसं म्हणायचं? मी इकडे बघितलं. मी तिकडे बघितलं.

कोनाड्यातून आवाज आला. टुक. मग काहीच नाही.

मी हळूच म्हटलं, "मला अंड्यातलं काही कळत नाही."

आजी घरातून म्हणाली, "ऐकू नाही आलं."

मी मोठ्यानं म्हटलं, "मला अंड्यातलं काही कळत नाही."

शेळीनंसुद्धा ऐकलं.

मग आजीनं पाणी दिलं. घळघळ.
शेवग्यानं पाला दिला. सळसळ.
शेळीनं दूध दिलं. चुर्र चुर्र.
मांजर दूध प्यायला उठलं. लपलप.
म्हातारा जागचा हलला. गुडघे वाजले. कट कट.

मी टोपी खाली काढली. अंडं गार व्हायला लागलं होतं. मी ते दोन्ही हातांत धरलं. तांबडीच्या पोटाखाली सरकवलं. तांबडीनं मला एक टोच मारली. बरोबर मारली.

आम्ही सगळे टोपलीपाशी बसलो. आजी, शेळी, मांजर, मी आणि पिल्लू. कुणी बोलेना. कुणी हलेना.

टुक.

टुक टुक.

टक. अंडं तडकलं. आतून पिल्लू आलं. ओलं ओलं, पिवळं पिवळं.

आजी म्हणाली, "काय हो, हा कोंबडा की ही कोंबडी?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस."

मग उरलेली तीन अंडीही तडकली. दिवस गेले. पिल्लं मोठी झाली. एकदा टोकदार अंड्यातलं पिल्लू माझ्या टोपीत जाऊन बसलं. खूप वेळ बसलं. उठलं, तर टोपीत एक अंडं. म्हणजे ती कोंबडी निघाली.

आणि ते तुरुतुरु धावणारं पिल्लू? ते तर गोल अंड्यातलं. त्याला लाल तुरा आला. लांब शेपूट आलं. आता ते रोज पहाटे ओट्यावर उभं राहतं. मान उंच करतं. आणि ओरडतं.

कुकूचकू. कुकूचकू.

आजी म्हणते, "ऐका. तो म्हणतोय, म्हातारा जागचा हलेना."

मी लगेच उठतो. अंगावर मांजर झोपलेलं असलं, तरी उठतो.