इरल्याखालचा चेहरा

खाडीच्या काठी वसलेल्या एका गावात जानू नावाचा चित्रकथी राहत होता. कागदावर गोष्टीतली चित्रं रंगवायची, ती देवळात एकेक करून लावायची आणि हुडूक नावाचं छोटं चर्मवाद्य वाजवत गोष्ट गाऊन सांगायची, हा त्याच्या घराण्याचा धंदा. त्याची बायको द्रुपदी दगड उगाळून रंग करायची आणि खेळाच्या वेळी मागे बसून टाळ धरायची. दोघांचं पोट त्यावर चालायचं आणि दोघंही सुखात होती.

खेळाची एक रीत होती. सुरुवातीला गणपतीचं चित्र लागायचं आणि शेवटी मंगलचित्र. त्यात कलश, दिवा आणि भाताची लोंबी असायची. गणपती लागला की मंगलचित्र लागेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. अर्ध्यावर उठलं तर गोष्टीतलं अमंगळ आपल्याबरोबर घरी येतं, असं सगळे मानत. त्यामुळे पोरं रडली तरी तिथेच रडत आणि म्हातारी माणसं पेंगली तरी तिथेच पेंगत.

देवादिकांच्या गोष्टी गावाला पाठ झाल्या होत्या. म्हणून जानूने एक नवा वीर रचला. त्याचं नाव इरलेवाला. शेतात पावसापासून अंग झाकायला बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं इरलं असतं, तसलं इरलं तो डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घालायचा. हातात कोयता. तो कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नव्हतं. जिथे गरिबाला कोणी नाडलं, तिथे तो न बोलावता यायचा. दुष्टाला समजावणं नाही, पंचांसमोर नेणं नाही. इरलं हलायचं, कोयता चमकायचा आणि पुढच्या चित्रात दुष्ट आडवा.

"मार, इरलेवाल्या, मार!" सगळं देऊळ ओरडायचं. त्यात मोठा आवाज लुमाचा. लुमा तरणा शेतकरी, मनाने साधा आणि इरलेवाल्यासाठी वेडा. "जानूदा, आज कोणाला आडवं करणार?" असं तो वाटेत गाठून विचारायचा.

जानूला समाधान वाटायचं. ज्यांना जन्मभर कोणाला उलट बोलता आलं नाही, ती माणसं त्याच्या गोष्टीपुरती ताठ बसत. एक म्हातारी तर त्याला म्हणाली होती, "दिरांनी माझी जमीन घेतली तेव्हा कोणी आलं नाही रे बाबा. तुझा इरलेवाला असता तर!" आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं जानूला वाटायचं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

द्रुपदी मात्र तांबडा दगड उगाळताना कुरकुरायची.

"हिरवा उरतो, पिवळा उरतो. तांबडा तेवढा पुरत नाही तुम्हाला."

"लोकांना तोच लागतो गो."

"मी काय म्हणते, तुमच्या या इरलेवाल्याला बायको आहे का?"

"वीराला कसली बायको!"

"मग त्याचं इरलं सुकत कोण घालतं?"

जानू खो खो हसला.

"हसू नका. माणूस मारून तो घरी येतो, तेव्हा जेवायला बसतो की नाही? कुठे होतात म्हणून कोणी विचारतं का त्याला? दुष्ट मेला की तुम्ही लगेच मंगलचित्र लावता. मधलं एक चित्र राहतं तुमचं."

"त्या चित्रात काय काढू?"

"त्याचा चेहरा."

जानूने कुंचला खाली ठेवला. इरलेवाल्याचा चेहरा त्याने कधी रंगवलाच नव्हता. इरलं रंगवलं की काम भागत होतं. "चेहरा दाखवला तर मजा जाईल," असं म्हणून तो उठला. पण पुढे रंग भरताना तो प्रश्न त्याला मधूनमधून टोचत राहिला.

गावाची भातशेती खाडीला लागून होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध होता आणि शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायला बांधात एक लाकडी दार होतं. त्याला उघाडी म्हणत. भरती चढली की उघाडी लावायची आणि ओहोटी लागली की उघडायची, हे काम बुधाजीकडे होतं. बुधाजी लोभी. भरतीच्या वेळी तो दार थोडं उघडं ठेवायचा आणि पाण्याबरोबर आत शिरलेली मासळी ओहोटीला परतताना जाळ्यात धरायचा.

त्या वर्षी भात नुकतं निसवलं होतं. हिरव्या लोंब्या वाऱ्यावर डोलत होत्या. आश्विनातल्या अमावास्येला खाडीला उधाण आलं. बुधाजीने नेहमीसारखं दार उघडं ठेवलं आणि पाण्याचा असा काही लोंढा आला, की दारच मोडून वाहून गेलं. खारं पाणी शेतात पसरलं. ते ओसरेपर्यंत निम्म्या गावाचं भात पिवळं पडलं होतं. लुमाचं शेत खोलगट. त्याला एक लोंबीही मिळणार नव्हती, आणि घरी बायको आज-उद्या बाळंत व्हायची होती.

ओहोटीला उघाडीच्या खांबात गुंतलेलं बुधाजीचं जाळं वर आलं, तेव्हा सगळ्यांना सगळं कळलं.

माणसं बांधावर धावली. बुधाजी आपल्या खोपीच्या दारात वल्हं उगारून उभा होता. जानू आणि द्रुपदी त्याच वेळी शेजारच्या गावी खेळाला निघाली होती. वाट बांधावरूनच जात होती. गर्दी बघून दोघं थांबली.

इतक्यात गर्दी दुभंगली. आभाळ कोरडं होतं, ऊन कडक होतं आणि त्या उन्हातून एक इरलं चालत येत होतं. हातात कोयता होता.

"इरलेवाला आला रे!" कोणीतरी ओरडलं. लगेच मागून आवाज आले, "मार, इरलेवाल्या, मार!" अगदी देवळातला सूर.

जानूने खाली पाहिलं. इरल्याखालचे पाय लुमाचे होते. टाचांना भेगा, अंगठ्याला बांधलेली चिंधी. ओळखले सगळ्यांनीच असणार. पण वर इरलं होतं, म्हणून कोणी लुमाला नावाने हाक मारत नव्हतं. लुमा म्हटलं असतं, तर त्याला अडवावं लागलं असतं.

गावाचे प्रमुख गावकर आबा "थांबा, थांबा" म्हणत होते. त्यांचं कोणी ऐकेना.

जानूचं वय झालं होतं. कोयत्यापुढे आडवं जाण्याएवढं बळ त्याच्या अंगात नव्हतं. त्याला एकच गोष्ट येत होती. तो तिथेच बांधावर मांडी घालून बसला. चित्रं टेकवायचा पाट उभा केला, गणपतीचं चित्र लावलं आणि हुडकावर थाप मारली. द्रुपदीने एक शब्द न विचारता टाळ हातात घेतले.

गर्दी चपापली. गणपती लागला होता. आधी म्हातारी माणसं बसली. मग बायका बसल्या. तरणी पोरंही तोंडातल्या शिव्या तोंडात ठेवून खाली टेकली. बुधाजीही सवयीने उकिडवा बसला. इरलं तेवढं उभं राहिलं.

"जानूदा," आतून लुमाचा आवाज आला, "ही काय खेळाची वेळ आहे?"

"गणपती लागलाय. बस."

लुमा इरल्यासकट खाली बसला, तेव्हा ते इरलं छोट्या खोपटासारखं दिसलं. एक पोरगं फिसकन हसलं. आईने त्याला चिमटा काढला.

जानूने इरलेवाल्याचीच गोष्ट लावली. नाडलेला गरीब आला, माजलेला दुष्ट आला, इरलं आलं, कोयता आला. पण गाताना त्याचा आवाज नेहमीसारखा चढत नव्हता. दुष्ट आडवा झाल्याचं चित्र लागलं. त्या दिवशी कोणीच ओरडलं नाही. लुमाने उठायच्या तयारीने कोयता सावरला. आता मंगलचित्र लागायचं होतं.

जानूने मंगलचित्र लावलं नाही. त्याने कोरा कागद लावला.

"हे काय रे?" गावकर आबांनी विचारलं.

"हे चित्र माझं राहिलंय आबा. इरलेवाला काम उरकून घरी आलाय. अंगणात उभा आहे. आता तो इरलं उतरवतो. खाली कोण आहे, ते मी कधी काढलं नाही. आज समोर बघून काढतो. लुमा, इरलं काढ बाबा."

"मी लुमा नाही," इरलं म्हणालं.

तेव्हा द्रुपदी बोलली. "लुमा, बाळा, आज-उद्या तुझं लेकरू जन्माला येईल. सुईण ते उचलून हातात देईल. कोणाच्या हातात देऊ म्हणून तिने विचारलं, तर काय सांगू? लुमाच्या, की इरलेवाल्याच्या?"

मग इरलं हळूहळू वर झालं. लुमा घामाने भिजला होता. कोयता धरलेल्या त्या माणसाचा चेहरा जत्रेत चुकलेल्या पोरासारखा दिसत होता.

"त्याने माझं शेत मारलं, जानूदा," तो म्हणाला. "तुझ्या गोष्टीत असं कोणी केलं की तू काय करतोस? मग आज मलाच का अडवतोस?"

हा प्रश्न जानूला लागला. काहीतरी गोड बोलून सुटणं सोपं होतं, पण लुमा त्याच्या डोळ्यांत बघत होता.

"तुझं शेत मारलं हे खरं," जानू म्हणाला. "बुधाजी दोषी, हेही खरं. आणि खोटं कशाला बोलू, इरलेवाला मला अजून आवडतो. पण माझा दुष्ट कागदाचा आहे, लुमा. आज मी त्याला आडवा करतो आणि उद्याच्या खेळाला तोच पुन्हा उभा करतो. बुधाजीला उद्या कोण उभा करणार? तू मारलंस ते चुकलं असं परवा तुला वाटलं, तर ते चित्र मला पुसून देता येणार नाही."

लुमाच्या हातातला कोयता हळूच मातीवर टेकला.

आपण वाचलो असं वाटून बुधाजीला एकदम जोर चढला. "मला एकट्यालाच काय बोलता? माझ्याकडे मासळी स्वस्त मिळत होती, तेव्हा कोणी विचारलं का, बुधाजी, ही आली कुठून? आबा, तुमच्या घरी तर रोज कालवण शिजायचं!"

गावकर आबा उपरणं झटकू लागले. कोणी खाडीकडे बघू लागलं, कोणी आपल्या पायांकडे.

"मीपण खाल्ली," लुमा हळूच म्हणाला.

"आम्ही खाल्ली म्हणून तुझं पाप धुऊन निघत नाही," द्रुपदीने बुधाजीला सुनावलं. "वल्हं खाली ठेव आधी."

त्याने वल्हं खाली ठेवलं.

मंगलचित्र लागलं नव्हतं, त्यामुळे कोणाला उठता येत नव्हतं. निवाडाही असा बसूनच झाला. उघाडीचं काम बुधाजीकडून काढून घेतलं. त्याच्या उंचावरच्या, खाऱ्या पाण्यातून वाचलेल्या शेतातलं भात लुमाच्या घरी जाईल असं ठरलं. येत्या पावसात गोडं पाणी अडवून खारावलेली शेतं धुवायची, तेव्हा बुधाजीने सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायचं. आणि मासळी सगळ्यांनी खाल्ली होती, म्हणून बांधाची माती सगळ्यांनी वाहायची. "माझी कंबर धरते हो," बुधाजी म्हणाला. "धरू दे," आबा म्हणाले.

मग जानूने मंगलचित्र लावलं आणि माणसं कपडे झटकत उठली.

बुधाजी काही साधू झाला नाही. चिखलातही तो कुरकुर करायचा आणि लुमा दिसला की तोंड फिरवायचा. लुमाचाही राग लगेच गेला नाही. पण बांध उभा राहिला, पावसाने शेतं धुऊन निघाली आणि पुढच्या वर्षी खाडीकाठच्या त्या खाजणात पुन्हा हिरवं भात डोललं.

त्या वर्षीच्या खेळात इरलेवाला होताच. जानूने त्याला हाकललं नव्हतं. पोरं "मार, मार" ओरडली, कोयता चमकला, दुष्ट आडवा झाला. आणि मग नवं चित्र लागलं. कुडाच्या भिंतीवर इरलं सुकत घातलं आहे. बायको हातांवर पाणी ओतते आहे. उंबरठ्यावर बसलेल्या इरलेवाल्याचा चेहरा पहिल्यांदाच दिसतो आहे. दमलेला, तुमच्याआमच्यासारखा चेहरा. डोळे सरळ बघणाऱ्याकडे.

जानूने हुडूक थांबवला. "आता सांगा, याने बरं केलं की वाईट?"

देवळात गलका उठला. कोणी बरं म्हणालं, कोणी वाईट. दोन सख्खे भाऊ त्यावरून भांडू लागले. जमीन गेलेली म्हातारी ठासून म्हणाली, "बरंच केलं!" मग चित्राकडे बघत राहिली आणि पुटपुटली, "पण आज याला झोप लागायची नाही रे."

जानूने गलका पुरता शमू दिला आणि मगच मंगलचित्र लावलं. पुढच्या रांगेत लुमा बसला होता, मांडीवर त्याची लेक होती. खेळाला अजूनही तोच आधी यायचा.

घरी आल्यावर द्रुपदीने रंगाच्या करवंट्या तपासल्या.

"अहो, यंदा तांबडा उरला."

"मग आपल्या घराचा उंबरठा रंगवू त्याने," जानू म्हणाला आणि कुंचला धुवायला बसला.

तात्पर्य: दुष्टाला मारणारा वीर गोष्टीत आवडणं हा काही गुन्हा नाही, पण त्याला शूर म्हणण्याआधी त्याच्या चेहऱ्यावरचं झाकण काढून बघावं, आणि गोष्टीतला कोयता खऱ्या माणसाच्या हाती देऊ नये, कारण खरा माणूस पुन्हा रंगवता येत नाही.