चुंचूबाईच्या घरात पाणी शिरलं

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंचूबाई. रस्त्याच्या कडेला गटार. गटाराच्या कडेला चुंचूबाईचं बीळ. बिळात चिंध्यांची मऊ मऊ गादी. गादीवर गाढ झोपली होती पिल्लं.

पाऊस आला. धो धो धो! पाणी बिळात शिरलं. गुळुगुळु! गादी भिजली. पिल्लं कुडकुडली.

चुंचूबाई म्हणाली, "धरा रे शेपटी!"

एका पिल्लानं आईची शेपटी धरली. दुसऱ्यानं पहिल्याची धरली. तिसऱ्यानं दुसऱ्याची. निघाली आगगाडी, तुरुतुरु तुरुतुरु!

"गटारदादा, गटारदादा, पाणी पी ना!"

गटार म्हणालं, "कसं पिऊ? पोटात गाळ. तोंडात पिशव्या. द्वारकाबाईंनी गाळ काढला, तर पिईन."

तुरुतुरु तुरुतुरु! द्वारकाबाई रस्ता झाडत होत्या.

"द्वारकाबाई, गाळ काढा ना!
गटार पाणी पिईना,
घर माझं वाळेना!"

द्वारकाबाई म्हणाल्या, "कशानं काढू गं? फावडं आहे कुलपात. मुकादमांनी दिलं, तर काढीन."

तुरुतुरु तुरुतुरु! मुकादम खुर्चीवर बसले होते. मांडीवर किल्ली.

"मुकादमकाका, फावडं द्या ना!
बाई गाळ काढीना,
गटार पाणी पिईना,
घर माझं वाळेना!"

मुकादम म्हणाले, "असं कसं देऊ? साहेबांनी सांगितलं, तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु! किती पायऱ्या! टुणुक टुणुक! पिल्लं दमली. साहेब वर बसले होते. मोठ्या खिडकीपाशी.

"साहेब, साहेब, सांगा ना!
मुकादम फावडं देईना,
बाई गाळ काढीना,
गटार पाणी पिईना,
घर माझं वाळेना!"

साहेब म्हणाले, "गटार तुंबलं? छे! इथून तर सगळं छान दिसतंय. माझे बूट बघ. आहेत का ओले? बूट भिजले, तर सांगीन."

टुणुक टुणुक, तुरुतुरु तुरुतुरु! खाली पाणी साचलं होतं.

"पाण्या, पाण्या, बूट भिजव ना!
साहेब काही सांगेना,
मुकादम फावडं देईना,
बाई गाळ काढीना,
गटार पाणी पिईना,
घर माझं वाळेना!"

पाणी म्हणालं, "साहेब वर, मी खाली. मला जिना चढता येत नाही. चहा वर जातो, म्हणून साहेब वर राहतात. इस्माईलचाचांनी चहा दिला नाही, तर साहेब खाली येतील. मग भिजवीन."

तुरुतुरु तुरुतुरु! कोपऱ्यावर इस्माईलचाचांची चहाची गाडी.

"चाचा, चाचा, चहा देऊ नका ना!
पाणी बूट भिजवीना,
साहेब काही सांगेना,
मुकादम फावडं देईना,
बाई गाळ काढीना,
गटार पाणी पिईना,
घर माझं वाळेना!"

चाचा हसले. "चहा? अगं, पाणी शिरलं आणि शेगडी विझली. फुस्स! आज कुणालाच चहा नाही."

चहा वर गेला नाही. साहेब खाली आले. टॉक टॉक टॉक! "माझा चहा कुठाय?"

डुबुक! बूट भिजले. मोजे भिजले.

"अरे बापरे!" साहेब ओरडले. "गटार तुंबलंय! मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"चुं!" चुंचूबाई म्हणाली. साहेबांना ऐकूच गेलं नाही.

साहेबांनी मुकादमांना सांगितलं. मुकादमांनी कुलूप काढलं. खट्! द्वारकाबाईंनी फावडं घेतलं. खर्र खर्र! गाळ निघाला. पिशव्या निघाल्या. गटारानं मोठ्ठा ढेकर दिला. ढर्र! आणि पाणी प्यायलं. गट गट गट!

चुंचूबाईचं घर वाळलं. द्वारकाबाईंनी एक कोरडी चिंधी बिळापाशी ठेवली. "घे गं बाई. लेकरं गारठली असतील."

साहेब पुन्हा वर गेले. खिडकीत मोजे वाळत घातले. खाली बघून म्हणाले, "बघा! मी म्हणत नव्हतो? गटार अगदी साफ आहे!"

चुंचूबाईनं कोरडी चिंधी बिळात ओढली. तिनं पिल्लांना पोटाशी घेतलं.

पाणी गेलं नदीला, गोष्ट गेली निजायला.