म्हैस बसेल, पाणी चढेल

एक होती उंदरी. तिचं नाव चिटकी. चिटकीचं एक बाळ. एवढंऽऽसं! त्याचं नाव ठिपका.

ठिपक्याचा पाळणा म्हणजे नारळाची करवंटी. ती ठेवली होती हौदाच्या काठावर. काठावर कुणी पाळणा ठेवतं का? पण चिटकीने ठेवला. तिथे ऊन छान लागतं ना, म्हणून.

वारा आला, सूंऽऽ! करवंटी कलंडली. डुबुक! गेली हौदात.

बुडली? नाही, नाही! करवंटी हलकी. करवंटी पोकळ. ती तरंगली. आत ठिपका ओरडला, "चीं चीं!"

पण करवंटीला होता एक डोळा. नारळाला असतो ना, तसा. त्या डोळ्यातून पाणी आत यायला लागलं. टुबुक... टुबुक... पाणी भरलं की करवंटी जड होणार. जड झाली की बुडणार!

चिटकीने काठावरून खाली वाकून पाहिलं. पाणी होतं काठापासून वीतभर खाली. आपली वीत, पण उंदरीची विहीरच! भिंतीला शेवाळ. उतरली तर चढणार कशी?

तेवढ्यात तिला आठवलं. परवा काजळी म्हैस या हौदात बसली होती. तेव्हा पाणी केवढं वर आलं होतं!

चिटकी पळाली. तुरु तुरु तुरु.

"काजळीताई, काजळीताई, हौदात बस!
म्हैस बसेल, पाणी चढेल,
पाणी चढेल, करवंटी येईल,
करवंटी येईल, ठिपका मिळेल!"

काजळी म्हणाली, "बसले असते गं बाई. पण परवा मी बसले, तर पाणी सगळं सांडलं. येसूमावशी रागावली. तिने मला साखळीने बांधलं. साखळी सुटेल तरच बसेन, नाहीतर नाही!"

चिटकीने साखळीला दात लावले. कट्! साखळी लोखंडाची. दातच दुखले.

हौदात टुबुक... टुबुक... ठिपक्याची शेपटी भिजली.

चिटकी पळाली. तुरु तुरु तुरु. येसूमावशी बसली होती ओसरीवर. मांडीवर तिची तान्ही.

"मावशी, मावशी, साखळी सोड!
साखळी सुटेल, म्हैस बसेल,
म्हैस बसेल, पाणी चढेल,
पाणी चढेल, करवंटी येईल,
करवंटी येईल, ठिपका मिळेल!"

"ई गं बाई, उंदीर!" मावशीने पाय वर घेतले. "तुझ्या बाळाला मी हात लावायची नाही, बरं का! साखळी तेवढी सोडीन. पण माझी तान्ही रडतेय बघ. तान्ही हसेल तरच उठेन, नाहीतर नाही!"

हौदात टुबुक... टुबुक... ठिपक्याचं पोट भिजलं.

"तान्हे, तान्हे, हास ना गं!
तान्ही हसेल, साखळी सुटेल,
साखळी सुटेल, म्हैस बसेल,
म्हैस बसेल, पाणी चढेल,
पाणी चढेल, करवंटी येईल,
करवंटी येईल, ठिपका मिळेल!"

तान्ही म्हणाली, "ट्यांऽऽ! माजा खुलखुला काऊनं नेला! खुलखुला वाजेल तलच हशेन, नाहीतल नाही!"

चिटकी पळाली. तुरु तुरु तुरु. शेवग्यावर बसला होता कावळा.

"कावळेदादा, खुळखुळा दे!
खुळखुळा वाजेल, तान्ही हसेल,
तान्ही हसेल, साखळी सुटेल,
साखळी सुटेल, म्हैस बसेल,
म्हैस बसेल, पाणी चढेल,
पाणी चढेल, करवंटी येईल,
करवंटी येईल, ठिपका मिळेल!"

कावळा म्हणाला, "खुळखुळा आहे घरट्यात. पण माझ्या पायात गुंतलाय पतंगाचा मांजा. मांजा तुटेल तरच उडेन, नाहीतर नाही! तुला दात आहेत ना? ये वर. ये, माझ्याजवळ ये."

चिटकी थांबली. कावळे उंदीर खातात! केवढी ती चोच. काळी. टोकदार.

हौदातून आवाज आला, "चीं..." अगदी बारीक. पाणी ठिपक्याच्या हनुवटीला लागलं होतं.

चिटकी झाडावर चढली. सर सर सर. गेली थेट चोचीखाली. घट्ट मिटले डोळे. कुर् कुर् कुर्... तट्! मांजा तुटला.

कावळ्याने चोच उघडली...

चिटकी फांदीला चिकटली...

"काव!" कावळा म्हणाला. "बरं वाटलं गं बाई!" आणि उडाला भुर्र!

मग काय!

कावळा उडाला, खुळखुळा वाजला. खुळ् खुळ् खुळ्!
खुळखुळा वाजला, तान्ही हसली. खुद् खुद् खुद्!
तान्ही हसली, साखळी सुटली. खळ्ळ्!
साखळी सुटली, म्हैस धावली. धाड् धाड् धाड्!

"हळू गं काजळीताई!" चिटकी ओरडली. "लाट आली तर ठिपका बुडेल!"

काजळीला हळू बसायची सवयच नाही. ती बसते धबाक! पण आज तिने श्वास रोखला. एक पाय आत. दुसरा पाय आत. हळू... हळू... बसली.

एवढी मोठी म्हैस आत! पाण्याला जागा कुठे उरली? पाणी निघालं वर. वर, वर, वर! पाण्यावर करवंटी. तीही वर, वर, वर! आला की काठ! भळ्ळ्!

पाणी सांडलं. करवंटी सांडली. ठिपका सांडला, थेट आईच्या कुशीत!

"चीं," ठिपका म्हणाला. चिटकी त्याला चाटत राहिली, रडत राहिली, हसत राहिली.

अंगणभर पाणीच पाणी. काजळीने घाबरत मावशीकडे पाहिलं. मावशी म्हणाली, "सांडू दे गं. बस तू."

म्हशीची साखळी सुटली, गोष्टीची साखळी मिटली. करवंटीचा डोळा चिटकीने चिखलाने मिटला. आता तुमचे डोळे तुम्ही मिटा बघू!