राळेतली आत्या

एकदा एका वृद्ध कीटक-अभ्यासकांकडे त्यांची शिष्या एक वंशवृक्ष आणि झाडाच्या चिकापासून दगड झालेल्या राळेचा खडा घेऊन आली. पिकाचा रस शोषणारा मावा शेतकऱ्याच्या डोक्याला ताप. हिने मात्र त्याचीच कुळी लावण्यात चार वर्षं घालवली होती. बहुतेक माव्यांच्या पाठीवर मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात; आजच्या दोन कुळांत त्या नसतात, म्हणून ती कुळं सख्खी भावंडं, हा तिच्या प्रबंधाचा कणा होता. प्रबंध दोन दिवसांनी द्यायचा होता.

खड्यात तुरीच्या दाण्याहून लहान असा दहा कोटी वर्षांपूर्वीचा मावा होता. पाठीवर दोन नळ्या स्पष्ट दिसत होत्या. शिष्येने त्याला वृक्षाच्या मुळाशी, सर्वांची आदिमाता म्हणून बसवलं होतं.

आचार्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग मुळाशी लिहिलेलं नाव खोडलं आणि नळ्या नसलेल्या दोन कुळांपैकी एकाशेजारी आखूड फांदी काढून तिथे लिहिलं.

शिष्या चरकली. "सर, सगळ्यांत जुनी तीच ना?"

"जुनी म्हणून आजीच कशावरून? घरात आत्याही असते. पंखांच्या शिरा बघ, याच कुळाच्या आहेत. आत्याला नळ्या होत्या. म्हणजे या घराण्याने त्या पुढे आपल्यापुरत्या गमावल्या. दोन घरांत एकच वस्तू नाही, एवढ्यावरून ती भावाभावांची ठरत नाहीत."

"पण हिचा तर वंशच उरला नाही. हिच्या शब्दावर चार वर्षांचं काम मोडायचं?"

"वंश गेला, साक्ष राहिली. मुळाशी नळ्या असल्या तर कुणाचंच काही बिघडत नाही. तू हिला तिथे मानाने बसवलंस, ते हिने काही बोलू नये म्हणून."

शिष्येची मान खाली गेली. शिरा तिनेही पाहिल्या होत्या.

तिने पुन्हा भिंगाला डोळा लावला. सह्याद्रीचा कातळ अजून लाव्हा होऊन वाहिलाही नव्हता, तेव्हाचा हा जीव. पायांवरचे केस शाबूत, पोटात न जन्मलेली पिल्लं, आणि पंखांवर त्या शिरा, आज सकाळी उमटल्यासारख्या. एवढ्या काळानंतर कुणीतरी आपल्याशी खरं बोलतंय, या जाणिवेने तिचे डोळे भरून आले.

"मुदत वाढवून मागते, सर," ती म्हणाली, आणि भावंडांना जोडणारी रेघ तिने स्वतःच्या हाताने पुसली.

आपणही ज्यांचं ऐकायचं नसतं, त्यांना आधी मखरात बसवतो.