केळीच्या खांबांवरची बोट

"पण माय, नवसात मी तसंच बोलले होते ना?" कुमुदनं विचारलं. "कुणाचा हात लागू देणार नाही, असं. आता दिलेला शब्द कसा फिरवू?"

धरणाकाठच्या मठात राहणाऱ्या म्हाताऱ्या गोदामायनं पेला तोंडाला लावला. मठाच्या पायरीवर बसून ती संथपणे ताक पीत होती.

नवस गेल्या वर्षीचा. कुमुदच्या नवऱ्याची, श्रीपतरावांची, उजवी बाजू लकव्यानं गेली होती. इस्पितळाच्या दारात कुमुदनं वाघजाईचं नाव घेऊन पदर पसरला होता... "आई, यांचा हात परत दे. येत्या चैत्रात तुझी ओटी भरीन. होडी मी एकटी नेईन, एकटी आणीन. कुणाचा हात लागू देणार नाही."

हात परत आला. पुरता नाही, पेला धरताना अजून थरथरायचा. पण आला.

आणि आज चैत्रातला शेवटचा मंगळवार होता.

वाघजाईचं देऊळ धरणाच्या पाण्यात, बेटावर. धरण झालं तेव्हा गाव वर सरकलं, देवी टेकडीवरच राहिली, आणि टेकडीचं बेट झालं. गावची लाकडी होडी यंदा कुजली, म्हणून कुमुदच्या भाच्यानं ही हवेची रबरी बोट पाठवली होती. पायपंपानं फुगवायची, दोन माणसं बसतील एवढी. फक्त तिला वाहून न्यायची चाकांची गाडी, तो ट्रेलर, बरोबर नव्हता. आणि उन्हाळ्यानं पाणी पार खाली गेलेलं. मठापासून पाण्यापर्यंत नुसता दगडगोट्यांचा उतार.

कुमुदनं मठाच्या आंब्याखाली सावली बघून बोट फुगवली होती. मग सगळं सामान आत भरलं, दोर कमरेला बांधला आणि ओढायला लागली. चार पावलांत तळाखालून असा खरखराट झाला की तिच्या अंगावर काटा आला.

"मी म्हणत होतो, खाली नेऊन फुगवू," श्रीपतराव लांबून म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. बोलणं म्हणजेसुद्धा हात लावणंच."

"मग श्वास घेऊ का?"

"तिकडं लांब उभं राहून घ्या!"

गोदामायला ताकाचा ठसका लागला.

कुमुदचे उपासतापास म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गावातल्या बाया थट्टेनं म्हणायच्या, एकादशीसुद्धा कुमुदला विचारून येते. कुमुद त्यावर लटकं रागवायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

गोदामाय उठली. बोटीपाशी आली.

"आत काय काय आहे गं?"

"ओटीचं ताट, नारळ, खण, वल्ही, अंगात घालायची जाकिटं, पंप, पाण्याची कळशी..."

"आत्ता बोट तुला नेतेय, का तू बोटीला?"

"आत्ता... मी बोटीला."

"मग तिचं ओझं उतरव."

कुमुदनं एकेक वस्तू डोक्यावरून खाली नेऊन पाण्याकाठी ठेवली. घामाघूम होऊन वर आली. बोट हलकी झाली होती, पण दगड काही मऊ झाले नव्हते. हवा सोडून खाली पुन्हा भरावी, तर भरता भरता दिवस कलला असता. तिनं पुन्हा दोर ओढला. पुन्हा खरखर.

"माय, तळ फाटला तर माझा नवस पाण्यात उतरायच्या आधीच बुडेल हो."

गोदामाय वळली आणि मठात गेली. आत कालच्या सत्यनारायणाचा चौरंग अजून मांडलेला होता. चौरंगाचे केळीचे खांब सोडवून तिनं ते एकेक करून बाहेर आणले आणि सरळ दगडांत आडवे टाकले.

कुमुदनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "माय! पूजेचे खांब... आणि असे पायदळी?"

"यांना आज कुठं जायचंय?"

"विसर्जनाला. पाण्यात."

"आणि बोटीला?"

"...पाण्यात."

"वाट एकच आहे. जाऊ देत सोबतीनं."

कुमुदनं खांबांना नमस्कार केला आणि बोट त्यांच्यावर चढवली. केळीच्या ओल्या सालीवरून ती अशी सरकली, जशी तव्यावरून आंबोळी. मागचा खांब मोकळा झाला की गोदामाय तो उचलून पुढं आणून ठेवायची.

"माय, तुमचा हात..."

"मी खांबाला लावतेय. बोटीला बोट तरी लावलंय का?"

कुमुदला हसू आलं. पण उतार वाढला तशी बोट मोकाट सुटली. तिनं पुढच्या कुमुदला अशी धडक दिली की कुमुद मटकन खाली बसली आणि बोट तिच्या मांडीवर येऊन विसावली.

श्रीपतराव धावले... आणि मध्येच थांबले.

कुमुदनं बोटीआडून पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले होते. डाव्या हातानं उजवा घट्ट धरून ठेवला होता, द्वाड पोराला धरावं तसा.

"मागून दोर धरायला माणूस हवा," गोदामाय म्हणाली.

"मीच धरते. पुढं थोडी ओढते, मग मागं येऊन धरते."

"आणि तू पुढून मागं येईस्तोवर?"

"...थांबेल की जरा."

बोटीकडं बघून कुणालाच तसं वाटलं नाही.

गोदामायनं कुमुदकडून बोटीच्या मागच्या कडीला दुसरा दोर बांधून घेतला. मग दोराचं टोक घेऊन ती शांतपणे श्रीपतरावांपाशी चालत गेली. त्यांचा उजवा हात सोडवला. तळव्यावर दोर ठेवला आणि बोटं एकेक करून मिटवली.

"माय!" कुमुद ओरडलीच. "काय केलंत हे? हात लागला! नवस मोडला माझा. आता तो हात पुन्हा गेला म्हणजे..."

तिचे डोळे भरून आले.

"कुणाचा हात लागला?" गोदामायनं विचारलं.

"यांचा!"

"कुठला?"

"उजवा."

"कुठून आला तो?"

वाऱ्यानं आंब्याची पानं हलली. खाली पाणी काठावर डुचमळत होतं.

"वाघजाईनं दिला," कुमुद हळूच म्हणाली.

"मग लागू दे की तिचा."

कुमुद बोटीआडून उठली. लुगड्याची धूळ झटकायचं तिला सुचलं नाही. ती नुसती त्या हाताकडं बघत राहिली. दोर ताणला गेला होता. हात थरथरत होता, म्हणून दोरही थरथरत होता... पण सुटत नव्हता.

"ओढ गं," श्रीपतराव म्हणाले. "धरलाय मी."

त्यांचा हा खणखणीत आवाज तिनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

बोट पाण्यात उतरली तेव्हा तिचा आवाजसुद्धा झाला नाही. गोदामायनं खांब ओढून वरच्या कोरड्या दगडांवर ठेवले. कुमुद म्हणाली, "विसर्जन?"

"तिन्हीसांजेला. त्यांना कुठं गाडी पकडायचीय?"

सामान भरून, श्रीपतरावांना शेजारी घेऊन कुमुद वल्हवायला बसली आणि बोट जागच्या जागी गोल फिरली.

"देऊळ यायच्या आधीच प्रदक्षिणा?" श्रीपतराव म्हणाले.

"आता बोलताय ते बोलताय, ते उजवीकडचं वल्हं घ्या!"

त्यांनी घेतलं. तरी बोट वाकडीच जाई, कारण त्यांचं वल्हं कच्चं पडायचं. कुमुदनं जोर लावून पाहिला, तर ती आणखी वाकडी झाली. मग तिनं आपलं वल्हं हलकं केलं. त्यांच्याइतकं हलकं.

बोट सरळ बेटाकडं निघाली.

ओटी भरली. खण, नारळ, हिरव्या बांगड्या. गोदामायला काठावर घंटेचा आवाज ऐकू आला. एकदा, आणि थोडं थांबून, अडखळत, आणखी एकदा.

परतल्यावर कुमुदनं बोट कलती करून आतलं पाणी काढलं, सामान उतरवलं. उताराला बोट चालत होती, चढाला जड झाली. एकच दोर दोघांनी खांद्यावर घेतला. गोदामाय मागचे खांब पुढं आणत होती, आणि दोघं दम खायला थांबली की खांबामागं दगड लावत होती.

"अहो, दमलात का?"

"तू दमलीस का?"

"मी कशाला दमतेय!"

"मग मीही नाही."

आणि दोघंही थांबली.

तिन्हीसांजेला बोट आंब्याखाली पोचली. तळावर ओरखडे होते, भोक नव्हतं. खांबांची पार सोलपटं निघाली होती. श्रीपतरावांनी उजव्या हातानं त्यांना एकेक ढकलून दिलं. ते गडगडत, उड्या घेत खाली गेले आणि धबाक करून पाण्यात पडले. श्रीपतराव शाळकरी पोरासारखे हसले. कुमुदनं पाण्याकडं बघून हात जोडले, पण हसू तिलाही आवरेना.

मग तिच्या लक्षात आलं, गोदामाय वर आलेली नाही. शेवटचा खांब लावून ती उताराच्या कडेला, थोडी खाली, एका दगडावर बसून राहिली होती.

कुमुद खाली उतरली. तिच्या पायांशी बसली.

"माय, एवढं एक सांगा. म्हणजे मला रात्री झोप लागेल. नवस फिटला... की मोडला?"

गोदामायनं बेटाकडं पाहिलं. मग कुमुदकडं पाहिलं. आणि आपला सुरकुतलेला हात तिच्यापुढं लांब केला.

"गुडघे धरलेत गं माझे. धर, उठव मला... आणि पोरी, तूही कधी असा हात पुढं कर."