गडगड्याची वाटी

एक होता राजा. पण त्याचं काम मागून येणार आहे, तोवर बसू दे त्याला सिंहासनावर. आपली गोष्ट आहे धुरपदाबाईची आणि तिच्या नवऱ्याची, लिंबाजीची. निमे, पाय आत घे. गोधडी सगळ्यांची आहे.

तर गावाबाहेर लिंबाजीचा मळा होता. मळ्यात विहीर, विहिरीशेजारी घर. घराला पुढं पडवी, मधे चूल आणि मागं एक खोली. ती खोली भारी गुणाची, बरं का. जाड भिंती, वाऱ्याला आत यायला फट नाही, बाहेर कितीही थंडी असो, आत आपली ऊब. धुरपदाबाईची लेक सगुणा पहिलटकरीण होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. मग धुरपदाबाईनं ती खोली शेणानं सारवली, बाज आणून टाकली, शेगडी ठेवली आणि लेकीची वाट बघत बसली. थंडी पडायच्या आत सगुणा येणार होती.

आणि लेकीच्या आधी आला राक्षस.

गडगड्या त्याचं नाव. फार मोठा नव्हता, वाकला तर दारातून आत मावेल एवढाच. लंगडत लंगडत आला आणि लिंबाजीला म्हणाला, "काका, पायात काटा मोडलाय. बरा होईपर्यंत मागची खोली द्या. भाडं म्हणून रोज ही वाटी भरून देईन." काखोटीच्या पिशवीतून त्यानं एक पितळी वाटी काढली. तीत काठोकाठ मध. लिंबाजीनं बोट बुडवलं, चाटलं आणि खोली देऊन टाकली. बायकोला विचारलं का? नाही विचारलं.

धुरपदाबाई रानातून आली तर तिच्या सारवलेल्या खोलीत, तिच्या लेकीच्या बाजेवर राक्षस पसरलेला. ती नवऱ्याला म्हणाली, "आवं, पोटुशी लेक येणार हाय. तिला काय विहिरीत ठेवायची?" लिंबाजी म्हणाला, "अगं, काटा निघाला की जाईल." आणि उरलेला मध त्यानं पुसून खाल्ला.

आता ऐका, इथंच सगळं बिघडलं. धुरपदाबाईनं वाटी राखेनं घासली. तळाला बारीक काहीतरी खरडल्यासारखं दिसत होतं, खसखशीएवढं. तिला वाटलं, ओरखडा असेल. मग ती वाटी परत द्यायला निघाली आणि दारातून माघारी वळली. का? अरे, कुणी भरून दिलेलं भांडं रिकामं परत करतात का कधी? निदान चिमूटभर साखर तरी घालायची असते. त्या समोरच्या वत्सलेला कुणी शिकवलंच नाही हे. माझा नाव घातलेला पितळी डबा दिवाळीपासून तिच्याकडं पडलाय. रिकामा सुद्धा येईना. असो. धुरपदाबाईनं वाटीत चटणी घातली, वर भाकरी ठेवली आणि राक्षसाला नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी वाटी आली तर मध अर्धा. हिनं पिठलं घालून काठोकाठ भरून दिली. तिसऱ्या दिवशी आलं एक बोर. एकच, आणि तेही किडकं. आणि वाटी? वाटी कुठली, चांगलं वाडगं झालं होतं तिचं.

"ही वाटी न्हवं," धुरपदाबाई म्हणाली.

"तीच आहे, मावशी," गडगड्या म्हणाला. "तुमच्या घरचं खाऊन अंगात भरलीय."

मग हिनं वाडगं भरून आमटी दिली. मग वाडग्याचं झालं पातेलं, पातेल्याचा झाला हंडा. भांडं वाढत होतं आणि आत रोज आपलं एक किडकं बोर. धुरपदाबाई रोज कपाळाला हात लावायची आणि रोज भांडं भरून द्यायची. कणगीतली ज्वारी गुडघ्याला आली. राक्षस मात्र गोल गरगरीत झाला, आणि बाजेचा काथ्या तुटला.

मग लिंबाजी वैतागला. मध संपल्यावर त्याला राग आला, आधी नाही. तो खोलीशी जाऊन म्हणाला, "ऊठ, नीघ आता." गडगड्यानं पाय पुढं केला. "काका, अजून ठणकतोय हो." लिंबाजी म्हणाला, "अरे, काटा तर डाव्या पायात होता. हा उजवा हाय." गडगड्या म्हणाला, "तिकडनं इकडं सरकला." आता अशा माणसाशी काय बोलायचं, सांगा. माणूस कुठला, राक्षसच तो.

मग लिंबाजी पाटलाकडं गेला. पाटील मळ्यात आले, मिशीवरून हात फिरवला आणि राक्षसाला दम भरला. गडगड्या नुसता हसला. म्हणाला, "पाटील, मावशींना विचारा, माझं भांडं कधी रिकामं परत केलंय का?" धुरपदाबाई खाली मान घालून म्हणाली, "रिकामं कसं द्यायचं?" पाटील म्हणाले, "लिंबाजी, रोज भरल्या भांड्यानं देणंघेणं चाललंय, तो तुझा भाडेकरू कसला? तो तुझा शेजारी झाला. शेजाऱ्याला कसा हुसकावू?" आणि हंड्यातलं पिठलं चाखून पाटील घरी गेले.

मग लिंबाजी आणि धुरपदाबाई राजाकडं गेले. बघा, आला राजाचा नंबर. राजानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "एवढंच ना? भांडं एकदा रिकामं पाठवा. शेजार मोडला. मग मी शिपाई पाठवतो." पण पडद्यामागं राणी बसली होती. ती म्हणाली, "अहो, भलतंच काय सांगता? बाईच्या जातीनं भांडं रिकामं कसं पाठवायचं?" राजानं हुकूम मागं घेतला. राजा झाला तरी त्यालाही घरी जेवायचं होतं.

तरी धुरपदाबाईनं मनाशी ठरवलं, लेकीसाठी एवढं करायचंच. घासलेला रिकामा हंडा घेऊन ती खोलीच्या दाराशी गेली. हात पुढं होईना. माघारी आली आणि मूठभर जोंधळे टाकले. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून गेली, तर वाटेत आपसूक दोन वांगी तोडून आत घातली. तिसऱ्या दिवशी लिंबाजी चिडला. "आण इकडं, मी देतो रिकामा." गेला तणतणत. दारात पोचला आणि कनवटीचा पेरू काढून हळूच हंड्यात सोडला. वर बायकोला म्हणतो, "फार भुंडा दिसत होता गं."

अशात थंडी पडली आणि सगुणेची गाडी आली. दिवस भरत आलेले, तोंड सुकलेलं. खोलीत राक्षस घोरतोय. मग पोरीला पडवीतच घोंगडी अंथरून बसवली. वारा नुसता बोचत होता. सगुणा पोटावर हात धरून अंग चोरून बसली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "आई, मी परत सासरी जाऊ का?"

धुरपदाबाईच्या काळजाला घरं पडली. स्वतःच्या घरात लेकीला जागा नाही, आणि एका ऐतखाऊला आपण रोज रांधून घालतोय. तिला राक्षसाचा राग आला, नवऱ्याचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

तेवढ्यात अंगणात धडाम आवाज झाला. गडगड्यानं भांडं बाहेर लोटलं होतं. आज ते गुळाच्या काहिलीपेक्षा मोठं झालं होतं. आत पाहिलं तर तळाशी एक बोर. "मावशी, आज खीर करा," असं म्हणून तो परत आडवा झाला.

मग काय, दारातलं सगळं जळण लागणार, कणगी तळाला जाणार, गाईचं सगळं दूध जाणार. पण आधी भांडं घासायला हवं. धुरपदाबाईनं पदर खोचला, शिडी लावून आत उतरली आणि खराट्यानं राख घासायला लागली. आतून झालं, मग लिंबाजीनं भांडं कलतं केलं आणि ती बुडाला लागली. घासता घासता तो ओरखडा दिसला. पण तो आता खसखशीएवढा नव्हता. बैलाच्या शिंगाएवढी अक्षरं होती ती. पडवीत बसल्या बसल्या सगुणेनं वाचलं, "हुंबाबाई. पल्याडचा डोंगर."

धुरपदाबाईच्या हातातला खराटा पडला.

आपल्या भांड्यांवर नावं का घालतात, ठाऊक आहे ना? लग्नाकार्यात सगळ्यांची भांडी एक होतात, मग नाव बघून ज्याचं त्याला पोचवायचं. धुरपदाबाई खोलीच्या दाराशी गेली. "काय रे, ही हुंबाबाई कोण?"

गडगड्या ताडकन उठून बसला. "आमची आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज उंदरासारखा झाला. "तिला सांगू नका, मावशी. कामाला लावते म्हणून वाटी घेऊन पळून आलोय."

"म्हंजे भांडं तुझं न्हवंच," धुरपदाबाई म्हणाली. "आणि मी येडी रोज चुकीच्या दारात पोचवतीय."

मग ती चुलीशी गेली. तिनं खीर केली, अगदी वेलची घालून, आणि तळाशी ओतली. भांडं एवढं खोल की वरून हात पोचेना. गडगड्यानं वास घेतला, सगळं विसरला आणि उडी मारून आत बसला. खाऊन झाल्यावर वर चढायला गेला तर घसरला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. राखेनं घासलेलं पितळ ते, आरशासारखं लखलखीत. आणि पोट हे एवढं.

"मावशी, शिडी द्या की," तो आतून म्हणाला.

"देते हं," धुरपदाबाई म्हणाली. "आधी भांडं मालकिणीला पोचवते. रिकामं न्यायचं नसतं, तर तूच ऱ्हा आत."

हे राणीला कळलं आणि ती खूश झाली. तिनं राजाचा हत्ती पाठवून दिला, राजाला न विचारता. हत्तीनं भांडं ओढलं आणि सगळे पल्याडच्या डोंगरावर गेले. डोंगरामागून हुंबाबाई उठून उभी राहिली. अबब, केवढी ती! तिनं दोन बोटांत ते भांडं उचललं. तिच्या हातात ती वाटीच होती, बरं का.

"माझी वाटी," ती म्हणाली. "किती शोधली. आणि रिकामी नाही आणलीस, शहाणी गं बाई." मग तिनं आत पाहिलं. तिनं लेकाला कान धरून उचललं आणि जात्याशी बसवलं. डोंगरात कधी गडगड ऐकू आली ना, तर तो दळत असतो.

"तुला मोकळ्या हातानं कशी पाठवू?" हुंबाबाई म्हणाली. "थांब, दुसऱ्या वाटीत मध देते."

वाटी म्हटल्यावर धुरपदाबाई दोन पावलं मागंच सरली. मग हात जोडून म्हणाली, "मध द्या, आजी. पण पळसाच्या द्रोणात द्या. द्रोण परत करावा लागत न्हाई."

घरी आली. खोली झाडली, पुन्हा सारवली, बाज विणून घेतली, शेगडी पेटवली. सगुणा त्या उबेत गाढ झोपली, आणि आठवड्याच्या आत तिला मुलगी झाली. लिंबाजीला मधाला हात लावू दिला नाही कुणी. सगळे आपापल्या घरात सुखानं राहिले.

आता मला सांगा, माझ्या अंथरुणात कोण कोण घुसलंय? भाडं नाही, बोर सुद्धा नाही, आणि उशी तेवढी पळवलीत. सरका तिकडं. डोळे मिटा, आणि निमे, पाय आत.