सोन्याचे तस्त

एका राज्यात राजाच्या तोंडून माणके पडत. त्यात कौतुक करण्यासारखे काही नव्हते. राजा सिंहध्वजाने एका चेटकिणीकडे न आटणारा खजिना मागितला आणि तिने तो त्याच्याच हिरड्यांत ठेवला. अट एकच, तोंडाला दातवण लावायचे नाही. तेव्हापासून हिरड्या सुजल्या, त्यांतून रक्त ठिबकू लागले आणि सोन्याच्या तस्तात पडताच थेंबाचे माणिक होऊ लागले. शेवटचा दात पडेल त्या दिवशी राजाचा दगड होईल, हेही चेटकिणीने बजावले होते. ते कोणी मनावर घेतले नाही.

दरबाराने तर कहर केला. दातवण बाळगणे हा राजद्रोह ठरला. राजाच्या तोंडाला घाण येई, तरी प्रधान रोज सकाळी तस्त धरून उभा राही आणि आज जरा जास्त थुंकावे, अशी विनंती करी. सगळे निलाजरे. राजकन्या वज्रलेखेच्या अंगाचा तिळपापड होई. बापाला भाकरी चावत नव्हती, ती दुधात कुस्करून त्याला भरवत होती, आणि हे लोक माणके वेचत होते. एका सकाळी तस्तात माणकांबरोबर एक दात खणकला. तिने तडक घोडा काढला.

नदीकाठी एक मगर जबडा पसरून पडली होती आणि आत बसून एक टिटवी तिचे दात कोरत होती. वज्रलेखेने टिटवीला उपाय विचारला.

"हिचे दात मी रोज साफ करते," टिटवी म्हणाली. "तुझ्या बापाचे कोण करते?"

"कोणी नाही."

"मग तीन कामे आहेत. चालत्या बाभळीची काडी आण. रडणाऱ्या तळ्याचे मीठ आण. तिसरे काम राजाचे. रोज सकाळी आणि निजण्यापूर्वी त्याने दातवणाचा मऊ कुंचा हलक्या हाताने हिरड्यांच्या कडेने फिरवावा, मिठाच्या पाण्याने चूळ भरावी. रक्त आले तरी थांबू नये. नेम मोडला की शाप पुन्हा लागेल."

बाभूळ डोंगरभर पळाली. वज्रलेखेने मागे धावत तिला अशा शिव्या घातल्या की ती लाजून थांबली आणि तिने काडी दिली. तळे आसवांच्या बदल्यात मीठ देई. राजकन्येला दुःखाचे रडू येईना, संतापाचे आले. तळ्याने ते चालवून घेतले.

राजाने दातवण धरले तेव्हा पहिल्यांदा रक्त अधिकच आले. तस्त भरले आणि दरबार खूश झाला. मग थेंब कमी होऊ लागले तसे प्रधानाचे तोंड उतरले. खजिना आटतो आहे, महाराजांनी हात आवरावा, असे तो कळवळून म्हणाला. आणि राजाने खरेच दातवण खाली ठेवले.

वज्रलेखेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आबासाहेब," ती म्हणाली, "खजिनाच हवा असेल तर तसे सांगा. तुमचा दगड मी चौकात बसवीन. पण दगडाला मी दूधभाकरी भरवणार नाही."

राजाने दातवण पुन्हा उचलले. त्यानंतर त्याने प्रधानाचे ऐकले नाही. एके सकाळी त्याने चूळ टाकली आणि तस्तात नुसते पाणी पडले. त्याच क्षणी खजिन्यातल्या माणकांचे रक्त झाले आणि दाराखालून वाहू लागले. वज्रलेखेने प्रधानाच्या हाती खराटा दिला. राजाने भाकरीचा कडक तुकडा मागवून सर्वांसमोर कराकरा चावला.

राज्य सुरळीत झाले, घरोघरी दातवण आले, पण वज्रलेखेचा राग काही पुरता गेला नाही. एका संध्याकाळी राजा जांभई देत म्हणाला, आज राहू दे, झोप येते. वज्रलेखेने ते सोन्याचे तस्त आणले आणि त्याच्यापुढे ठेवले. राजाने मुकाट्याने दातवण घेतले.